गावातलं जुनं चर्च बघायचं कसं: इंग्लंडात नवीन आलेल्यांसाठी जीर्णोद्धार ओळखायचा धडा

इंग्लंडात नवीन आलेला आपला माणूस पहिल्याच उन्हाळ्यात तिकीट काढून यॉर्क मिन्स्टर हे भलंमोठं कॅथेड्रल बघतो, शंभर फोटो काढतो, आणि घराजवळच्या गावात जे जुनं चर्च असतं, जिथे तिकीट नाही गर्दी नाही, त्याच्यासमोरून रोज बसने जातो पण आत काही जात नाही. मीही तसाच होतो. मग हळूहळू नाद लागला, आणि नाद लागला की अर्धवट ज्ञान पाजळायची हुक्की येतेच. एकदा भारतातून आलेल्या पाहुण्यांना एका चर्चचा दरवाजा दाखवत होतो, हे बघा अर्धगोल कमान, त्यावर झिगझॅग नक्षी, म्हणजे नॉर्मन, म्हणजे बारावं शतक, आठशे वर्षं झाली बरं का. मागे एक आजीबाई फुलं बदलत होत्या, त्यांनी विचारलं काय दाखवतोयस, म्हणून मी तेच इंग्रजीत ऐटीत परत सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरे बाळा, हा दरवाजा १८६८ चा आहे, माझ्या पणजोबांच्या वेळचा." पाहुण्यांसमोर पार पोपट झाला.

तर माझ्यासारखा तुमचा होऊ नये म्हणून हे लिहितोय. पहिली गोष्ट, दारावरच्या बोर्डवर "बारावं शतक" लिहिलेलं असलं तरी "हे चर्च किती जुनं?" हा प्रश्नच विचारू नका, कारण त्याला एक उत्तर नसतं. आपल्याकडे कसं, गाभारा यादवकालीन, लाकडी सभामंडप पेशवाईतला आणि फरशी गेल्या वर्षी ट्रस्टने बसवलेली, तसंच इथे आहे. विचारायचं ते हे, की कुठला भाग कोणाचा आणि सांधा कुठे आहे. सांधा सापडला की निम्मं काम झालं.

आधी थोडं मागचं. मध्ययुगात बांधलेली ही चर्चेस १५३० नंतरच्या धर्मसुधारणेत आतून बरीचशी साफ झाली, मूर्ती गेल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना बसला. पुढे अठराव्या शतकात आत उंच दारांच्या खोक्यांसारखे बाक आले, माड्या आल्या, कारण सगळं लक्ष प्रवचन ऐकण्यावर. आणि मग १८३० च्या सुमारास एकदम वारं फिरलं. शहरं कारखान्यांमुळे फुगली होती, चर्चमध्ये बसायला जागा नव्हती, छपरं गळत होती, आणि त्यात प्युजिन नावाचा एक झपाटलेला तरुण आर्किटेक्ट टोकदार कमानींची गॉथिक शैली हीच खरी ख्रिस्ती शैली, बाकी सगळं मूर्तिपूजकांचं, असं ओरडून सांगत होता. १८३९ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी केंब्रिज कॅमडेन सोसायटी काढली आणि त्या पोरांनी (पोरंच ती, विशीतली) चर्च कसं असावं याचे नियमच घालून दिले: वेदीचा भाग खोल हवा, माड्या नकोत, खोक्याचे बाक नकोत, आणि शैली शक्यतो १३०० च्या आसपासची. पुढच्या पन्नासेक वर्षांत, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळात, हजारो चर्चेसचा जीर्णोद्धार झाला, म्हणून या कामाला व्हिक्टोरियन म्हणतात. काही डागडुजीवर सुटली, काही मुळापासून पाडून परत बांधली. आपण बघायला जातो ते बहुतेक या दोन टोकांच्या मधलं असतं.

पायरी १: घरून निघायच्या आधी

इंग्लंडच्या वारसा इमारतींची सरकारी यादी ऑनलाइन फुकट आहे, त्यात चर्चचं नाव टाका. महत्त्वाप्रमाणे ग्रेड एक (सगळ्यात वरचा), दोन-तारांकित किंवा दोन असं लिहिलेलं असतं आणि खाली एक कोरडं ठक्क वर्णन असतं, कुठला भाग कुठल्या शतकातला आणि जीर्णोद्धार कोणत्या साली कोणी केला. हे वर्णन आधी वाचू नका! आधी जाऊन बघा, स्वतःचा अंदाज बांधा आणि मग घरी येऊन पडताळा, उत्तरपत्रिका आधी बघून गणित शिकता येत नाही. आधी बघायचं ते एवढंच की चर्च उघडं कधी असतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा कॅमेरा घेऊन फिरू नका. सोबत टॉर्च, छोटी दुर्बीण असेल तर उत्तम, आणि जून महिना असला तरी एक स्वेटर, कारण आतली थंडी वेगळीच असते, दगडात मुरलेली.

पायरी २: आत जायची घाई नको, बाहेरून एक पूर्ण फेरी मारा

प्रदक्षिणाच म्हणा. वेदी पूर्वेला असते, म्हणजे टॉवर बहुतेक वेळा पश्चिमेला आणि दरवाजा दक्षिणेला. दक्षिण बाजू दर्शनी, खर्च तिथे जास्त केलेला. उत्तरेची बाजू लोक बघत नाहीत, तिथे गवत वाढलेलं असतं, आणि नेमके जुने अवशेष तिथेच सुटलेले असतात, एखादी बुजवलेली दाराची कमान, एखादी चिमुकली नॉर्मन खिडकी. उलटही होतं, जास्तीच्या बाकांसाठी व्हिक्टोरियन लोकांनी उत्तरेला एक नवीन बाजूचा मंडप जोडून दिलेला असतो. म्हणून फेरी पूर्ण करायची, अर्धी नाही.

टॉवरपाशी थांबा. चर्च परत बांधलं तरी टॉवर पुष्कळदा जुनाच ठेवायचे, एक तर तो भक्कम असायचा आणि दुसरं म्हणजे नवीन टॉवर म्हणजे पैशाचा चुराडा. टॉवरच्या पूर्वेकडच्या अंगावर, मुख्य छपराच्या वर, एक तिरकी रेघ दिसते का बघा, उलट्या व्ही सारखी. तो जुन्या छपराचा व्रण. आत्ताचं छप्पर त्या रेघेच्या खूप खाली असेल तर मधे कधीतरी छप्पर बदललंय हे पक्कं. उतरत्या मध्ययुगात शिशाचे पत्रे घालून जवळजवळ सपाट छपरं करायची पद्धत होती, आणि व्हिक्टोरियन आर्किटेक्टला सपाट छप्पर बघवायचं नाही, तो परत उंच उताराचं करायचा. पन्हळीचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी लोखंडी किंवा शिशाची पेटी असते तिच्यावरही नजर टाका, कधी कधी साल चक्क ओतलेलं असतं, पण लक्षात ठेवा, ते साल पन्हळीचं, भिंतीचं नाही.

पायरी ३: दगडाला नाक लावा

हा माझा सगळ्यात आवडता भाग, आणि इथे घाई केलीत तर पुढचं सगळं चुकतं. भिंतीच्या एक फुटावर उभे राहा आणि उन्हाची तिरीप पडली असेल तर सोन्याहून पिवळं, कारण टाकीचे घाव तिरप्या उजेडातच दिसतात. नॉर्मन काळातला पाथरवट दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासायचा, त्याचे घाव तिरके, ओबडधोबड, एका दगडावर एका दिशेला तर शेजारच्यावर दुसऱ्या. नंतर दातेरी छिन्नी आली, बारीक रेघा दिसतात. व्हिक्टोरियन दगड बघितलात तर एक तर करवतीने कापल्यासारखा गुळगुळीत, किंवा मुद्दाम खडबडीत ठेवलेला पण कडा मात्र पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ. आणि थर! मध्ययुगीन भिंतीत थर वरखाली होतात, शेतातले गोटे, जुन्या इमारतीतले घडीव चिरे, मिळेल ते घातलेलं. व्हिक्टोरियन थर वहीतल्या रेघांसारखे, दरजा कडक करड्या मसाल्याने भरलेल्या. एकदा मी एका कोपऱ्यावर बोट फिरवत गेलो, खाली दगड साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे झिजलेले, गोलसर, पिवळट, आणि खांद्याच्या उंचीला आल्यावर बोट एकदम धारेला लागलं, तिथून वर सगळं धारदार आणि करडं. तो सांधा. डोळ्यांना लांबून अजिबात कळला नव्हता.

पायरी ४: खिडक्या, आणि त्यातली फसवणूक

शैलींची नावं टॉमस रिकमन नावाच्या माणसाने १८१७ मध्ये पक्की केली आणि ती अजून चालतात. पाठ करायला सोपं आहे. नॉर्मन म्हणजे लहान, वरून अर्धगोल, जाड भिंतीत खोल गेलेली, साधारण ११९० पर्यंत. अर्ली इंग्लिश म्हणजे उंच, अरुंद, टोकदार, भाल्याच्या पात्यासारखी, तेरावं शतक. डेकोरेटेड म्हणजे वरच्या भागात दगडाची जाळी, आधी वर्तुळं नि पाकळ्या आणि मग ज्वाळेसारखी वळणं, साधारण १२५० ते १३५०. पर्पेंडिक्युलर म्हणजे रुंद मोठी खिडकी आणि तिच्यातले उभे दगडी गज थेट वरच्या कमानीला जाऊन भिडलेले, प्लेगची मोठी साथ आली त्या १३४८-४९ नंतरपासून पुढे जवळजवळ दोनशे वर्षं.

आता फसवणूक. खिडकीचं डिझाइन जुनं असतं पण दगड नवा. झिजलेली जाळी काढायची आणि तशीच हुबेहूब नवी घडवून बसवायची ही जीर्णोद्धारातली नेहमीची रीत होती, काढलेले जुने तुकडे कधी कधी पाद्रीबुवांच्या बागेत फुलझाडांभोवती लावलेले सापडतात, गंमत नाही करत. तेव्हा आकार बघून शतक सांगू नका, आकार आणि दगड दोन्ही बघून सांगा. दुसरी खूण म्हणजे एकसारखेपणा. मध्ययुगातलं चर्च दोन-तीनशे वर्षांत तुकड्यातुकड्याने वाढलं, तिथे एक खिडकी तेराव्या शतकातली आणि तिच्या शेजारची पंधराव्या शतकातली असायचीच. सगळ्या खिडक्या एकाच मापाच्या, एकाच छान १३०० च्या शैलीतल्या दिसल्या की मी लगेच मनात १८५० ते १८८० लिहून टाकतो, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतं.

पायरी ५: पोर्च

पोर्चमध्ये लोक बूट पुसून पुढे जातात. थांबा तिथे. भिंतीवर काळपट पाटी दिसली तर वाचा, त्यावर असतं की अमुक साली चर्च वाढवलं, इतक्या जास्तीच्या जागा झाल्या आणि त्यातल्या इतक्या कायमच्या मोफत. हे काय प्रकरण? तेव्हा बाक भाड्याने किंवा घराण्याच्या नावाने राखून ठेवलेले असायचे, गरिबाला मागे उभं राहावं लागायचं. १८१८ मध्ये निघालेली एक चर्च बांधणी संस्था अनुदान द्यायची पण अट अशी की गरिबांसाठी मोफत जागा हव्यात, आणि त्याची ही जाहीर पावती. म्हणजे तुम्हाला फुकटात साल मिळालं! त्या संस्थेकडे आलेले नकाशे आता लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत आहेत आणि बरेच ऑनलाइन बघता येतात, जीर्णोद्धाराच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही.

दाराच्या बाजूच्या दगडावर मधोमध भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा दिसल्या तर ते प्रार्थनेच्या वेळा बघायचं मध्ययुगीन सूर्यघड्याळ. ते पोर्चच्या आत सावलीत असेल तर? मग एक तर पोर्च नंतर बांधलाय, नाहीतर तो दगड दुसरीकडून आणून बसवलाय. असं काही सापडलं की माझा दिवस सार्थकी लागतो.

पायरी ६: आत

आत शिरल्यावर पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि पूर्वेकडे बघा. मोठा भाग तो नेव्ह, लोकांचा. पलीकडे कमानीतून दिसतो तो चॅन्सेल, पाद्री आणि वेदीचा. मध्ययुगात नेव्हच्या दुरुस्तीचा खर्च गावकऱ्यांनी करायचा आणि चॅन्सेलचा ज्याला गावचा दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मिळतो त्या रेक्टरने, त्यामुळे एकाच चर्चमध्ये एक भाग दणदणीत आणि दुसरा कंजूष असं दिसलं तर नवल नाही, खिसे वेगळे होते.

खांबांच्या दोन रांगा नीट ताडून बघा. डावीकडचे गोल आणि उजवीकडचे अष्टकोनी असले, किंवा एखादा खांब बाहेर झुकलेला असला, की मध्ययुग. खांबांच्या डोक्यावरची कोरीव पानं बघा, तेराव्या शतकातली पानं ताठ, जाडसर, कुठल्याच झाडाची नसतात. व्हिक्टोरियन पानं अगदी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातली, ओक म्हणजे ओकच, आयव्ही म्हणजे आयव्हीच, कडा कालच कोरल्यासारख्या. (आधीच्या काळातही खरी पानं कोरायची एक लाट १२८० च्या आसपास येऊन गेली, त्यामुळे इथेही दगडाची झीज बघायचीच.)

आता चॅन्सेलमध्ये जा आणि उजव्या हाताच्या, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीत एक कोनाडा शोधा, खाली छोटं ताटलीसारखं खोलगट आणि मधे भोक. तो पिसिना, वेदीवरची भांडी धुतलेलं पाणी सोडायचा. शेजारी पाद्र्यांना बसायला दगडी आसनं असतात. आणि ही आसनं तुमच्या गुडघ्याच्याही खाली असली तर चक्रावू नका, त्या काळचे पाद्री बुटके नव्हते, व्हिक्टोरियन लोकांनी वेदी दिमाखात दिसावी म्हणून पायऱ्या घालून जमीन उचलली, भिंत मात्र आहे तिथेच राहिली. एका ठिकाणी तर मी त्या आसनावर बसून बघितलं, गुडघे हनुवटीला लागले. पायाखालच्या फरशीवर लाल-पिवळी नक्षी असेल, फुलं, सिंह, मासे, तर ती बहुतेक स्टोकच्या मिंटन कारखान्याची किंवा त्यांच्यासारख्याच दुसऱ्यांची, मध्ययुगीन टाइल्स बघून केलेली. खऱ्या मध्ययुगीन टाइल्स झिजून नक्षी अर्धी गेलेल्या, कडा वेड्यावाकड्या, आणि बहुधा एखाद्या कोपऱ्यात दहा-वीसच उरलेल्या.

चॅन्सेलची कमान जिथे आहे तिच्या बाजूला भिंतीत अर्धवट वर जाऊन हवेत संपणारा जिना किंवा उंचावर एक निरर्थक दार दिसलं तर ते खरं जुनं. तिथे आडवी माडी होती आणि तिच्यावर क्रूसावरच्या येशूची मूर्ती, सोळाव्या शतकात ती सगळीकडून काढली, जिना तेवढा राहिला. नवा जिना कुठे न जाणारा कोण बांधेल?

बाक पिवळसर-तांबूस पिचपाइन लाकडाचे, वॉर्निश मारलेले, सगळे सारखे असतील तर व्हिक्टोरियन, त्यात वादच नाही. रंगीत काचा बहुतेक त्याच काळातल्या, जुन्या फोडल्या गेल्या म्हणून. खालच्या कोपऱ्यात गव्हाची छोटी सोनेरी पेंढी दिसली तर ती चार्ल्स केंप यांच्या स्टुडिओची सही, आणि पेंढीवर काळा मनोरा असेल तर ते १९०७ मध्ये गेल्यानंतरचं काम. हे एवढं एक सांगितलंत तरी सोबतच्या लोकांवर छाप पडते.

पायरी ७: नकाशा काढा

वहीत चर्चचा साधा आकार काढा आणि जुन्या भिंती काळ्या, व्हिक्टोरियन लाल, शंका आहे तिथे पेन्सिल. सुरुवातीला सगळीकडे पेन्सिलच होते, होऊ द्या.

दोन ठिकाणं, सरावासाठी

गावची चर्चेस बघायच्या आधी पूर्ण नव्याने बांधलेली दोन बघून घ्या, म्हणजे शंभर टक्के व्हिक्टोरियन कसं दिसतं ते डोळ्यांत बसेल.

यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरचं सेंट जॉर्ज, ट्रेनमधून टॉवर दिसतो ते. २८ फेब्रुवारी १८५३ ला तिथलं मध्ययुगीन चर्च आगीत खाक झालं. बरोबर एक वर्षाने त्याच तारखेला नव्याचा पहिला दगड बसवला आणि १८५८ मध्ये ते उघडलं. आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. १७० फुटांचा टॉवर, सगळं एका हाताचं, एका दमातलं, वरची सगळी लक्षणं एकाच जागी: सारखे थर, सारखी शैली, धारदार पानं. सुंदर आहे, खरंच, पण आत गेल्यावर मला ते जरा जास्तच शहाणं वाटतं, एकही खांब चुकत नाही. १८६२ मधला जर्मन बनावटीचा शुल्झ ऑर्गन आहे, वाजत असेल तर बाकी सगळं सोडून बसा. आणि हो, स्कॉट म्हणजे आपल्या मुंबई विद्यापीठाचा कन्व्होकेशन हॉल आणि राजाबाई टॉवर ज्याने काढला तोच! मुंबईत कधी पाऊल न टाकता लंडनमधून नकाशे पाठवले. फोर्टमध्ये वाढलेल्या माणसाला डॉनकास्टरच्या खिडक्या ओळखीच्या वाटतात त्या उगाच नाही, फक्त राजाबाईवर पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे पगडी-पागोट्यांचे पुतळे आहेत आणि इथे संत-राजे.

दुसरं लीड्सचं पॅरिश चर्च, आता लीड्स मिन्स्टर म्हणतात. तिथे आग वगैरे काही नाही, तिथले व्हिकर (मुख्य पाद्री) हुक यांना फक्त चर्च सुधारून घ्यायचं होतं, पण काम काढल्यावर जुनं बांधकाम इतकं कुजकं निघालं की सगळंच पाडावं लागलं. आर्किटेक्ट चँट्रेल, १८४१ मध्ये पूर्ण. केंब्रिजच्या पोरांचे नियम अजून रुजायचे होते, म्हणून इथे माड्या आहेत आणि गॉथिकही आहे, दोन्ही एकदम, आणि टॉवर पश्चिमेला न ठेवता उत्तरेच्या बाजूला. जुना टॉवर पाडताना भिंतीत भराव म्हणून घातलेले कोरीव दगड सापडले, अँग्लो-सॅक्सन काळातल्या उंच क्रूसाचे तुकडे. चँट्रेलने ते घरी नेले, पुढे गाव सोडलं तर सोबत पार ससेक्सला नेले! नंतरच्या एका व्हिकरने ते परत मिळवले आणि आज तो क्रूस चर्चमध्ये उभा आहे. म्हणजे त्या अख्ख्या इमारतीतली सगळ्यात जुनी वस्तू पाडापाडीमुळेच हाती लागली. आता जीर्णोद्धाराला शिव्या घालायच्या की आभार मानायचे, तुम्हीच ठरवा.

शिव्या घालणारे तेव्हाही होते. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली ती स्कॉटच्याच एका कामाच्या बातमीने भडकून, म्हणणं एवढंच की डागडुजी करा, पण जुन्याची नक्कल करून जुनं म्हणून खपवू नका. सगळ्यात बदनाम झाला तो डॉनकास्टरच्याच बाजूचा एडमंड बेकेट डेनिसन, बिग बेनच्या घड्याळाचं डिझाइन करणारा वकील, पुढे लॉर्ड ग्रिमथॉर्प. त्याने सेंट ऑल्बन्सच्या ॲबीची (जुन्या मठाच्या चर्चची) पश्चिम बाजू स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मनाने नवी करून टाकली. माझं मत विचाराल तर मी मॉरिसच्या बाजूचा, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ज्या छपराखाली उभा राहून मी हे मत देतो ते छप्पर बहुतेक वेळा व्हिक्टोरियनच असतं.

निघताना वहीत नाव लिहा, डबीत दोन-चार पाउंड टाका, आता बऱ्याच ठिकाणी कार्डचं मशीनही असतं. आणि पोर्चला जाळीचं दार असेल तर ते आठवणीने ओढून घ्या, नाहीतर पाकोळ्या आत जातात आणि मग फुलंवाल्या आजीबाईंना दोन दिवस शिडी घेऊन फिरावं लागतं.